उघडिपीतला रामशेज

नाशिकजवळच्या आशेवाडीत, रामशेज गडाच्या पायथ्याशी, दुपारी एकच्या सुमारास ढग फाटले आणि अंगणात लख्ख ऊन पडलं. दोन दिवस नुसती झिमझिम, मधूनच एखादी जोराची सर, आणि ऐन डिसेंबरात जूनसारखा चिखल. अशा वेळी ऊन पडलं की कोणालाही बरं वाटतं. गडावर निघालेली कॉलेजची मुलं गाड्या लावून वर बघत होती, एकमेकांना घाई करत होती. तेवढ्यात जवळच्या घरातून एक आजी बाहेर आल्या. ओट्यालगत मक्याची रास ताडपत्रीखाली झाकलेली होती. ताडपत्रीच्या खळग्यात साचलेलं पाणी त्यांनी हाताने लोटून दिलं, एक टोक उचललं, आत हात घालून दाणे चाचपले. मग खाली वाकून दगडी फरशीवर तळहात टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. आता मका पसरतील असं वाटत होतं. पण त्यांनी ताडपत्रीचं टोक पुन्हा खाली ओढलं, त्यावर दोन दगड ठेवले आणि आत गेल्या. मुलं तोवर पहिल्या चढाला लागली होती.

एवढ्या उन्हात मका झाकलेलाच का ठेवला, हे मनात सलत राहिलं.

फरशीला हात लावून पाहिल्यावर उलगडा झाला. वरून कोरडी दिसणारी फरशी आतून गार होती, दगडांच्या सांध्यांत अजून पाणी होतं. त्यावर मका पसरला असता तर वरचे दाणे तापले असते आणि खालचे ओल धरून बसले असते; दोन दिवसांनी त्याच दाण्यांच्या टोकाला बुरशी दिसली असती. शिवाय वारा पूर्वेकडून येत होता, अंगाला चिकटणारा. म्हणजे पाऊस गेलेला नव्हता, थोडा थांबला होता. डोंगरावर जाणाऱ्याला जे जे कळायला हवं ते सगळं त्या दोन मिनिटांत होतं. आपण मात्र गच्चीवर जाऊन आभाळ बघतो, मोबाइलवर पावसाची टक्केवारी बघतो आणि निघतो. आभाळ फक्त सांगतं की या क्षणी पाऊस पडत नाही. पायाखाली काय उरलंय आणि हातात किती वेळ आहे, हे वारा, दगड आणि माती यांनाच विचारावं लागतं.

हिवाळ्यातला अवकाळी नाशिकला नवा नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाडकडच्या बागायतदारांच्या अजून डोळ्यांसमोर असेल. उत्तरेकडून एखादा पश्चिमी झंझावात सरकतो, त्याच वेळी अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागराकडून दमट वारं येतं, आणि दोन्हींची गाठ आपल्या डोक्यावर पडली की दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. या पावसाच्या मध्ये येणाऱ्या उघडिपी एकसारख्या नसतात. एक उघडीप करड्या आभाळाची. ढगांचं झाकण तसंच राहतं, फक्त वर उचललं जातं. ऊन नसतं, वारा मंद असतो, सगळं निस्तेज दिसतं. दुसरी उघडीप कडक उन्हाची. ढग तुटतात, निळं आभाळ दिसतं, ओली जमीन वाफाळते. मन दुसरीकडे ओढ घेतं, पण दुपारच्या फिरण्यासाठी पहिली जास्त भरवशाची. कारण ओल्या जमिनीवर कडक ऊन पडलं की दमट हवा तापून वर चढते, दोननंतर ढगांचे कोबीच्या गड्ड्यासारखे मनोरे उभे राहू लागतात, आणि संध्याकाळी विजेसह जी सर येते ती याच उन्हाने शिजवलेली असते. करड्या झाकणाखाली असलं काही चटकन उकळत नाही. आला तर भुरभुर पाऊस येतो आणि त्यातून उतरता येतं.

वाऱ्याची दिशा पाहायला फार काही लागत नाही. मोकळ्या जागी उभं राहून चेहरा फिरवावा, दोन्ही कानांत सारखाच आवाज आला की वारा समोरून आहे. पूर्वेचा किंवा आग्नेयेचा ओलसर वारा असेल तर उघडीप उसनी आहे, दोन-तीन तासांची धरावी. वारा उत्तरेकडे वळला असेल, कोरडा आणि झोंबरा लागत असेल, तर पाऊस निघाला आणि मागून थंडी येते आहे. मग दुपार निर्धास्त घालवावी, पण रात्रीसाठी स्वेटर काढून ठेवावा.

ढगांची उंची मोजायला नाशिककराला डोंगर पुरतात. रामशेज बत्तीसशे फुटांच्या आसपास, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी बेचाळीसशेच्या आसपास. शहरातून त्र्यंबकच्या दिशेला पाहताना अंजनेरीचा सपाट माथा पूर्ण दिसत असेल तर ढगांचा तळ त्याच्याही वर आहे, म्हणजे रामशेजवर धुकं भेटणार नाही. अंजनेरी अर्धीच दिसत असेल पण रामशेजचा माथा मोकळा असेल, तर जायला हरकत नाही, मात्र दर पंधरा मिनिटांनी मान वळवून अंजनेरी किती उरली ते बघायचं. आणि पेठ रोडवरून रामशेजचाच माथा कापलेला दिसत असेल तर वाटेतलं राममंदिर करून परतावं. रामशेजचा माथा लांबट आणि बऱ्यापैकी सपाट आहे, कडा मात्र सरळ तुटतात. धुकं आलं की सपाटीवर दिशा हरवते, पुढे पायवाट आहे की कडा हे दहा पावलांवर कळत नाही. अशा वेळी वाट शोधत फिरणं हाच धोका. वर पोहोचल्या पोहोचल्या उतरायच्या दरवाजाकडे पाठ करून उभं राहावं, समोर कुठलं पाण्याचं टाकं, कुठला चौथरा आहे ते पाहून ठेवावं. धुकं आलंच तर आहे तिथे बसावं. वाऱ्याने ते थोड्या वेळात विरळ होतं, तेव्हा ती खूण पकडून परत फिरावं.

आता वेळेचा हिशेब. डिसेंबरअखेरीस नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत पायरी दिसेनाशी होते, आणि ढग असतील तर त्याहून लवकर. पेठ रोडने शहरापासून आशेवाडी जवळ आहे, म्हणून लोक निवांत जेवून तीनला निघतात आणि तिथेच गणित बिघडतं. कोरड्या दिवसात रामशेजचा चढ तासाभराचा. ओल्यात त्याला सव्वा तास धरावा आणि उतरायलाही तितकाच. कोरड्यात उतरणं झटपट होतं म्हणून उतरणीला आपण अर्धाच वेळ देतो, पण ओल्या कातळावर उतरण चढणीइतकाच वेळ खाते. पावणेदोनला पायथा सोडला, तीनला माथा, वर तासभर, चारला परतायचं, सव्वापाचला खाली. हातात पाऊण तास शिल्लक. हा शिल्लक वेळ कोणाचा पाय मुरगळला, कोणी दमलं, एखादी सर आली, तर त्यासाठी आहे. वर फोटो काढण्यासाठी नाही. माथ्यावर पोहोचलेलो असू वा नसू, चारला पाठ फिरवायची हे पायथ्याशीच सगळ्यांसमोर बोलून ठेवावं. वर गेल्यावर ठरवलं की आणखी दहा मिनिटं, आणखी दहा मिनिटं असं होतंच. पावणेदोनच्या आत निघायची घाईही करू नये. ऊन पडल्यावर उघड्या कातळाला पाणी सोडायला तासभर तरी लागतो.

दगडाविषयी सविस्तर लिहायला हवं, कारण घसरण्याचं खरं कारण तिथे आहे.

आपल्या डोंगरांचा काळा घट्ट बेसॉल्ट पाणी जवळजवळ पीत नाही. पाऊस पडला की ते वर पातळ थरासारखं राहतं आणि उन्हा-वाऱ्यात उडून जातं. हा कातळ लवकर वाळतो, आणि वाळल्यावर त्याच्यासारखी पकड दुसऱ्या कशाला नाही. पण डोंगर म्हणजे एकावर एक पसरलेले लाव्ह्याचे थर. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबूस मऊ पट्टा असतो, आणि वरच्या भेगांतून झिरपलेलं पाणी त्या सांध्यापाशी येऊन बाहेर पडतं. म्हणून एखाद्या टप्प्यावर वरच्या पायऱ्या ठणठणीत कोरड्या, खालच्याही कोरड्या, आणि मधल्या तीन-चार मात्र पाऊस जाऊन दोन दिवस झाले तरी ओल्या, असं दिसतं. लय धरून भराभर चढणारा माणूस नेमका तिथे फसतो. डोक्याच्या उंचीवर तांबूस रेघ दिसली की पाय सावध टाकावा.

खोदलेली एक पायरी नीट वाकून बघण्यासारखी आहे. शतकानुशतकं पावलं पडून मधला भाग बशीसारखा झिजलेला असतो. त्यात पाणी साचतं आणि पाण्याखाली पिठासारखी बारीक माती बसते. पायरीचं पुढचं नाक गुळगुळीत घासलेलं असतं. तिथे नख फिरवलं तर काही लागत नाही. मागे, उभा दगड आणि आडवा दगड जिथे मिळतात त्या कोनात, काळपट साय धरलेली असते. पण दोन्ही कडांना, जिथे कोणी पाऊल टाकत नाही, तिथे छिन्नीचे मूळ घाव अजून शाबूत असतात. हात फिरवला की बोटांना खरखर लागते. पाऊल तिथे टाकायचं. अख्खा तळवा टेकवून, टाच हवेत न ठेवता. उतरताना थोडं तिरकं होऊन, डोंगराकडचा हात दगडावर ठेवून. मधोमध चालायची सवय मोडायला थोडा वेळ लागतो, पण दहा-बारा पायऱ्यांत पाय शिकतात.

ती काळपट साय हिवाळ्यात जास्त घात करते. जुलैत शेवाळ हिरवं असतं, लांबून दिसतं, आपण आपोआप टाळतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तेच वाळून दगडाच्या रंगाचं होतं. नुसतं पाहून ते आहे हे कळत नाही. अवकाळी पाऊस पडला की ते पाणी पिऊन फुगतं, बुळबुळीत होतं, पण रंग काळाच राहतो. पावसाळ्यात शंभर वेळा जाऊन आलेला माणूस हिवाळ्यातल्या ओल्या कातळावर घसरतो तो यामुळे. शंका आली की पूर्ण वजन टाकण्याआधी बुटाचं टोक दाबून किंचित मागे ओढून पाहावं. सरकलं तर जागा बदलावी.

गवताचंही तसंच. डिसेंबरात डोंगरावरचं गवत वाळून आडवं पडलेलं असतं, आणि पडतं ते नेहमी उताराच्या दिशेला. भिजलेल्या काड्यांवर पाय पडला की काड्या एकमेकींवरून सरकतात आणि माणूस त्यांच्याबरोबर. आडव्या वाटेवर हे सगळ्यात वाईट, कारण खाली धरायला काही नसतं. काड्यांवर पाय न देता ठोंबाच्या बुडाशी द्यावा, तिथे मुळं माती धरून असतात. मुरमाची गोष्ट मात्र उलटी आहे. कोरडा मुरूम कठीण खडकावर पसरलेला असला की पायाखालून खडेच्या खडे निसटतात, घसारा म्हणतो तो हाच. तोच मुरूम बेताचा ओला असला की दाणे एकमेकांना धरून बसतात आणि चालायला फार चांगला होतो. म्हणजे अवकाळीनंतरच्या दुपारी जी वाट मे महिन्यात नकोशी वाटते ती सोपी होते, आणि जी दगडी वाट मे महिन्यात सोपी असते ती जपून चालावी लागते. काळी माती तिसरीच. पायथ्याच्या शेताच्या बांधावरून आलं की ती बुटांच्या तळाशी थर धरते, खाचा भरून जातात, आणि मग महागातला बूटही स्लीपरइतकाच निरुपयोगी ठरतो. पहिल्या पायरीच्या आधी थांबून काडीने तळ खरवडायचे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत.

कुठल्या डोंगराला जावं यालाही हिवाळ्यात एक वेगळी बाजू असते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नाशिकला भर दुपारीही तो साधारण ४६-४७ अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे डोंगराच्या खड्या उत्तर अंगाला दिवसभर ऊन लागतच नाही. पांडवलेणी अगदी शहरातली, पायऱ्या बांधलेल्या, सगळ्यांत सोपी. पण लेणी आहेत डोंगराच्या उत्तर अंगाला. तिथली वाट ऊन पडूनही गार आणि ओली राहते, आणि सोपी वाट म्हणून लोक चपलेवर जातात. दक्षिणेला आणि पश्चिमेला तोंड असलेली वाट दुपारच्या उघडिपीत सर्वांत आधी वाळते. हरिहर गड मात्र अशा दिवशी सोडून द्यावा. त्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांत हाताच्या पकडीसाठी खोबण्या आहेत, पावसानंतर त्याच खोबण्या पाण्याने भरलेल्या असतात. गार पाण्यात बोटं घालून चढता चढता ती बधिर होतात आणि पकड कधी सुटली ते कळत नाही. अंजनेरी सुंदर, पण पसारा मोठा. माथ्यापर्यंत जाऊन यायला हिवाळ्यातली अर्धी दुपार पुरत नाही. रामशेज या सगळ्यांत मापाचा. शहराजवळ, मध्ये राममंदिराच्या गुहेत थांबायला छप्पर, आणि परत फिरायचं झालं तर कुठूनही फिरता येतं. औरंगजेबाच्या फौजेला साडेपाच वर्षं तिष्ठत ठेवणारा हा गड चालणाऱ्याला मात्र मोकळेपणाने वर घेतो.

कपड्यांचं थोडक्यात. चढताना घाम येतो, वर वारा असतो, आणि सुती बनियन ओला झाला की तासभर वाळत नाही. हुडहुडी भरते ती थंडीने कमी आणि त्या ओल्या बनियनने जास्त. एक कोरडा शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा आणि माथ्यावर पोहोचल्याबरोबर, घाम गरम असतानाच, बदलावा. वारा अडवणारं पातळ जाकीट, कानटोपी, डोक्याला लावायची बॅटरी. पाणी एक लिटर तरी. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि उतरताना पायात गोळे येतात. गुळाची चिक्की किंवा भाकरी-ठेचा, जे सवयीचं असेल ते. फोन पिशवीत, दोन्ही हात मोकळे. फार दिवस कपाटात पडून राहिलेले बूट असतील तर घरीच तळ वाकवून, ओढून बघावा. जुन्या बुटांचे तळ ओलीत अख्खेच्या अख्खे सुटून येतात.

आणि मग माथा.

पावसाने धुतलेली हवा काय असते हे इथे कळतं. एरवी डिसेंबरात नाशिकवर धुळीचा आणि धुराचा एक फिकट पडदा असतो, रामशेजवरून शहर नुसतं पांढुरकं दिसतं. अवकाळीनंतर तो पडदा जातो. ईशान्येला सातमाळ्याची रांग एकेक दात मोजावा इतकी स्वच्छ. सप्तशृंगीचा माथा, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, आणि धोडपच्या कातळभिंतीतली ती खाच, जिच्यामुळे धोडप कुठूनही ओळखू येतो. नैऋत्येला अंजनेरी-ब्रह्मगिरी. दक्षिणेला दूरवर कळसूबाई दिसली तर नशीब. जवळ, शेजारी म्हणावा असा देहेरगड, आणि बोरगड, ज्याच्या माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे म्हणून तिथे जाता येत नाही, आणि ज्याच्या अंगावरचं जंगल २००८ मध्ये संवर्धन राखीव झालं. कड्याखाली पाकोळ्या भिरभिरतात. ओलीने उठलेले किडे त्यांना आयते मिळतात. पायाशी, कातळाच्या भेगेत, महिनाभर करकरीत वाळून मुडपलेली मयूरशिखा, एक छोटं नेचं, पंख्यासारखी उघडलेली असते. भिजलेल्या वाळक्या गवताचा गोडसर, थोडा कुबट वास येतो. जूनच्या पहिल्या पावसाच्या वासाशी त्याचं काही नातं नाही. टाक्यांतलं पाणी काठोकाठ आणि इतकं स्थिर की वाऱ्याची झुळूक आली की अंगावर शहारा यावा तसं हलतं.

या सगळ्याच्या खाली, अगदी स्पष्ट, एक आवाज येत असतो. ब्लोअरचा, म्हणजे ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा. खाली दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांचे चौकोन दिसतात, कुठे हिरवे, कुठे प्लास्टिक अंथरल्याने चकाकणारे, आणि त्यांच्या ओळींतून ट्रॅक्टर फिरतात. माथ्यावर येणाऱ्याला जी उघडीप दोन तासांचं सुख असते तीच खाली बागायतदाराची धावपळ असते. ऑक्टोबरात छाटणी झालेल्या बागा या वेळी कुठे फुलोऱ्यात, कुठे मणी धरलेल्या. फुलोऱ्यात पाऊस झाला की घडात पाणी अडकतं आणि कुज होते, मणी गळतात. पानांवर डावणी हा बुरशीचा रोग येतो आणि एकदा आला की दोन-तीन दिवसांत घडावर उतरतो. आगाप, म्हणजे लवकर छाटलेल्या बागेत मण्यात पाणी उतरलेलं, म्हणजे मणी पिकायला लागलेला असेल तर मणी तडकतात. एक मणी तडकला की त्याचा रस शेजारच्या मण्यांवर जातो आणि सगळा घड गेला. म्हणून पाऊस थांबला की आधी तारा आणि वेली हलवून घडांतलं पाणी झटकायचं, मग फवारणी. फवारा पानावर वाळायला वेळ मिळाला नाही आणि वरून सर आली तर औषध धुऊन जातं, खर्च पाण्यात. त्यात भारी काळ्या जमिनीत वाफसा, म्हणजे शेतात शिरण्याजोगी बेताची ओल, नसतो. ट्रॅक्टर आत घातला तर चाकं रुततात, माती दाबली जाते, मुळांना हवा मिळत नाही. न घालावा तर डावणी. मग काही जण पाठीवर पंप घेऊन ओळीओळीने चालतात, ढोपरापर्यंत चिखलात.

वर उभं राहून हे बघताना आनंद निर्भेळ राहत नाही, राहूही नये असं मला वाटतं. सातमाळा इतका स्वच्छ दिसतो तो ज्या पावसामुळे, त्याच पावसाने खाली कोणाचं तरी वर्षाचं गणित विस्कटलं आहे. म्हणून डोंगराला जाणं थांबवावं असं नाही. पण बांधावरून जाताना कोणी फवारत असेल तर थांबून त्याला पुढे जाऊ द्यावं, ओल्या शेतातून आडवी वाट काढू नये, गाडी शेताच्या वाटेवर लावू नये. त्या दुपारी ट्रॅक्टरला दहा मिनिटं अडकवणं म्हणजे काय, हे गाडी लावणाऱ्याला सहसा माहीत नसतं. आणि फवारा उडत असताना वाऱ्याच्या खालच्या बाजूने जाणं आपल्यालाही बरं नाही.

माथ्यावर दुपारी साडेतीनच्या पुढे डोळे आभाळाकडे असावेत. ढगांच्या मनोऱ्यांचा तळ काळा पडू लागला, वारा अचानक पडला किंवा अचानक गार झोत आला, तर चारची वाट पाहू नये. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की आपण टप्प्यात आहोत असं धरून माथा सोडावा. झेंड्याची काठी, लोखंडी रेलिंग, एकटं झाड, यांच्यापासून दूर. उथळ कपारीत अंग चोरून बसणंही सुरक्षित नाही, कारण वीज कातळाच्या ओल्या पृष्ठावरून धावते. गर्दी करून उभं न राहता सुटंसुटं उतरायचं, पण एकमेकांच्या नजरेत. आपल्याकडे नोव्हेंबर आणि फेब्रुवारीतला अवकाळी विजेसह येतो, ऐन डिसेंबरातला बऱ्याचदा मुकाट्याने. तरी मोजायची सवय ठेवलेली बरी.

उतरताना बहुतेक अपघात होतात ते अवघड जागी होत नाहीत. अवघड जागी सगळे जपतात. कातळपायऱ्या संपल्या, मंदिर मागे पडलं, गाव दिसायला लागलं की बोलणं वाढतं, लक्ष सुटतं, मांड्या थकलेल्या असतात, आणि मातीच्या साध्या उतारावर पाय जातो. तिथे गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकावीत. लांब पाऊल टाकलं की वजन टाचेवर जातं आणि टाच आधी सुटते. काठी असेल तर ती पायाच्या आधी पुढे टेकवावी, पाय घसरल्यावर तिचा उपयोग नसतो. अंधार पडत असेल तर बोलत, एकत्र चालावं. या पट्ट्यात बिबट्या नवा नाही आणि संध्याकाळची वेळ त्याचीच असते. लहान मुलांना मध्ये घ्यावं. गावातून जाताना फोनवरची गाणी बंद.

आभाळ निवळून रात्री तारे दिसले की दुसऱ्या दिवशी पहाटेच निघावं असं सगळ्यांना वाटतं. तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ढग गेले की रात्री जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते, निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, बागांतून पहाटे शेकोट्या पेटतात, आणि दोन दिवसांच्या पावसाची ओल हवेत असल्याने दव पावसासारखं पडतं. सकाळी आठला रामशेजच्या पायऱ्या आदल्या दुपारी तीनपेक्षा जास्त ओल्या असतात, दहापर्यंत धुकंही हटत नाही. त्यामुळे उघडीप टिकली तरी अकराच्या आत पायथा सोडण्यात अर्थ नाही. अकराला निघालं, तर बाराच्या उन्हात कातळ कोरडा मिळतो आणि चारची मर्यादा सांभाळूनही माथ्यावर साडेतीन तास बसता येतं.